मुलांना घेऊन युरोप: कोल्हापुरातून निघणाऱ्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. कुणी राजारामपुरीतून, कुणी इचलकरंजीहून, कुणी कागलहून. पहिलं वाक्य बहुतेक सारखंच असतं: "या मे महिन्यात पोरांना घेऊन युरोप करायचा म्हणतोय." आम्ही घरचे चौघं दोनदा जाऊन आलो आहोत, आणि नात्यातल्या-ओळखीतल्या बऱ्याच जणांना मी बेत आखून दिले आहेत. त्यातून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र करते. घाईत असाल तर आधी प्रश्न ३ वाचा, बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

१. मुलं किती मोठी झाल्यावर न्यावं?

दुसरी-तिसरीपासून पुढं कधीही. वयापेक्षा चालण्याची सवय महत्त्वाची. युरोपात गाडी दारात येत नाही. स्टेशन, जिने, दगडी रस्ते, रांगा यांतच दिवस जातो. एखाद्या रविवारी रंकाळ्याला पूर्ण फेरी मारून आणा. घरी आल्यावर मूल खेळायला पळालं तर तयार आहे. सोफ्यावर आडवं झालं तर महिनाभर रोज थोडं चालवा.

दहावीचं वर्ष मात्र टाळा. नववी संपते तोच क्लासेस सुरू होतात आणि मुलाचं अर्धं लक्ष इकडंच राहतं. त्यापेक्षा दहावीची परीक्षा झाल्यावर निवांत जा.

२. मे महिन्याची सुट्टी बरी की दिवाळीची?

मे-जून. त्यातही मला विचाराल तर २५ मे ते १० जून. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे परत आल्यावर मुलांना दोन-चार दिवस विसावा मिळतो. त्या दिवसांत पॅरिसमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळं दुपारी हॉटेलवर झोप काढून संध्याकाळी पुन्हा बाहेर पडता येतं. मुलांबरोबर ही फार मोठी सोय आहे.

दिवाळीत उलट होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात आणि पाचच्या सुमारास अंधार पडतो. नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमधले बरेच रोपवे देखभालीसाठी बंद असतात.

ट्यूलिपसाठी हट्ट असेल तर लक्षात ठेवा: हॉलंडची कोकेनहोफ बाग मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. एक मेला निकाल हातात घेऊन लगेच निघालात तरच ती गाठता येईल.

३. चौदा दिवसांत किती देश होतात?

तीन. मुक्काम चार, फार तर. यावर सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची पहिली सहल अकरा रात्रींची होती आणि त्यात सहा हॉटेलं होती. कागदावर फार सुंदर दिसत होतं. सातव्या दिवशी लूव्रमध्ये मोठी मुलगी एका बाकावर बसली, बूट काढले, मोजे काढले आणि मला म्हणाली, "आई, आज परत बॅग भरायची का?" समोर जगातलं एवढं मोठं संग्रहालय, आणि तिच्या डोक्यात फक्त बॅग. त्या दिवशी आम्ही मोनालिसा न बघताच बाहेर पडलो आणि लक्झेंबर्ग बागेतल्या तळ्यावर गेलो. तिथं लाकडी शिडाच्या होड्या भाड्यानं मिळतात, काठीनं ढकलायच्या. दोन्ही पोरं दोन तास हलली नाहीत. आजही पॅरिस म्हटलं की त्यांना त्या होड्या आठवतात.

मुक्काम बदलला की अर्धा दिवस जातो, हे धरूनच चाला. सकाळी अकराच्या आत खोली सोडायची, पुढची खोली तीनशिवाय मिळत नाही, मधे सामान, भूक आणि गाडी चुकण्याची धास्ती. म्हणून एका ठिकाणी निदान तीन रात्री काढा; व्हेनिससारखं छोटं गाव असेल तर दोन. आणि दगदगीच्या प्रत्येक दिवसानंतर एक मोकळा दिवस ठेवा, ज्यात बाग, तळं, खेळायची जागा एवढंच असेल. "एवढे पैसे घालून बागेत बसायचं?" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. पोरांना दमवून ओढत न्यायचं नसेल तर हो, बसायचं.

४. मग नेमका मार्ग कसा आखायचा?

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तेरा रात्रींचा हा बेत देते: पॅरिस ४, स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन ४, व्हेनिस २, रोम ३. विमान मुंबई-पॅरिस जाताना आणि रोम-मुंबई येताना असं एकाच बुकिंगमध्ये काढा. जाण्याचं आणि येण्याचं शहर वेगळं ठेवलं तरी भाड्यात बऱ्याचदा फार फरक पडत नाही, आणि पॅरिसला परत जायचा एक दिवस वाचतो.

मधला प्रवास रेल्वेनं. पॅरिसच्या गार द लियॉन स्टेशनवरून बाझेल साधारण तीन तास, तिथून इंटरलाकेन दोन तास. इंटरलाकेनहून स्पीट्स आणि मिलानमार्गे व्हेनिस, हा सगळ्यात लांब दिवस, सहा-सात तासांचा. व्हेनिस ते रोम चार तासांच्या आत-बाहेर. विमानानं हेच करायचं म्हटलं तर विमानतळावर जाणं-येणं, तपासणी आणि सामानाचे वेगळे पैसे धरून वेळ तेवढाच लागतो, आणि आल्प्स दिसत नाहीत ते वेगळंच.

पहिले दोन दिवस सकाळी लवकर बाहेर पडा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, त्यामुळं मुलं पहाटे चारला टक्क जागी होतात आणि संध्याकाळी सातला पेंगतात.

५. सगळ्या देशांना एकच व्हिसा चालतो का? अर्ज कुठल्या देशाकडे करायचा?

शेंगेन व्हिसावर २९ देश फिरता येतात. फ्रान्स, इटली, जर्मनी, नेदरलँड्स तर आहेतच; स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे. क्रोएशिया २०२३ पासून आलं. ब्रिटन आणि आयर्लंड यात नाहीत.

अर्ज जिथं सगळ्यात जास्त मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखे असतील तर जिथं पहिल्यांदा उतरता त्या देशाकडे. इथं बरेच जण चुकतात, कारण ते शहरं मोजतात. वरच्या बेतात पॅरिस ४, इंटरलाकेन ४, पण व्हेनिस आणि रोम मिळून इटलीत ५ रात्री. म्हणजे पहिलं पाऊल फ्रान्समध्ये असलं तरी अर्ज इटलीकडे.

६. मधे लंडन घालायचंय. चालेल?

चालेल, पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा, त्याची फी वेगळी. शिवाय पॅरिस-लंडन-ॲमस्टरडॅम असा मार्ग असेल तर लंडनला जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परत आत येता. त्यासाठी शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. अर्जात तसं मागा. लंडन अगदी शेवटी ठेवून तिथूनच मुंबईला परतलात तर ही अडचण येत नाही. चौदा दिवसांच्या सहलीत मी लंडन घालत नाही.

७. व्हिसासाठी मुंबईलाच जावं लागतं का? मुलांनाही न्यावं लागतं?

कोल्हापुरात केंद्र नाही. मुंबईत आहेत, काही देशांची पुण्यातही आहेत. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण काही देश फोटोसाठी त्यांनाही समक्ष बोलावतात. अपॉइंटमेंट घेतानाच नियम बघा. पूर्वी शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते ५९ महिने चालतात.

फी प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आत काही नाही. केंद्राचा सेवा-आकार निराळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला नियमानं १५ दिवस, गरज पडली तर ४५ पर्यंत. मेच्या प्रवासासाठी मी जानेवारीतच तारीख घ्यायला सांगते, कारण मार्चनंतर अख्खा महाराष्ट्र त्याच रांगेत असतो. प्रवास विमा प्रत्येकाचा हवा, मुलांचाही, आणि तो निदान ३०,००० युरोंचा.

८. आमचं उत्पन्न उसाचं आहे. आयकर विवरणात फारसं काही दिसत नाही. व्हिसा मिळेल का?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा खास, आणि उत्तर आहे: हो, मिळतो. अधिकाऱ्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात, खर्च तुम्हाला झेपतो का आणि तुम्ही परत येणार का. शेतकरी कुटुंबाकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर सातबाऱ्यावरच लिहिलेलं असतं. फक्त ते त्याला वाचता आलं पाहिजे.

सातबारा आणि आठ-अ उतारे, त्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. कारखान्याची मागच्या दोन-तीन हंगामांची उसाची बिलं, आणि ती रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्याचा तपशील. दूध संघाची बिलं असतील तर तीही. विवरण भरत असाल तर त्यात शेतीचं करमुक्त उत्पन्न दाखवलेलं असावं. सोबत एक पानी साधं पत्र: आमचं क्षेत्र एवढं, ऊस एवढा जातो, बिल वर्षातून अमुक हप्त्यांत येतं. हे शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. महिन्याला पगार जमा होणारी खाती बघायची सवय असलेल्या माणसाला, आठ महिने शांत असलेलं खातं एकदम का फुगलं हे समजावून सांगावं लागतं.

अर्जाच्या आधी आठवडाभर भावाकडून पाच लाख उसने घेऊन खात्यात टाकू नका. अशी अचानक आलेली रक्कमच संशय वाढवते. भाऊ खरोखर खर्च उचलणार असेल तर तसं त्याचं पत्र आणि त्याची कागदपत्रं जोडा.

गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीत कारखाना असणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, जीएसटी विवरणं आणि चालू खात्याचा तपशील द्यावा. मुलांसाठी शाळेचं बोनाफाईड पुरेसं होतं. सुट्टीबाहेरचे दिवस असतील तर रजेला परवानगी दिल्याचं पत्रही.

९. मुलांच्या पासपोर्टचं काय?

कोल्हापुरातच पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि हेच लोक विसरतात: आई-वडिलांचे दहा वर्षांचे, म्हणून मुलांचाही असेल असं धरून चालतात. शेंगेनमधून परतायच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत लागते. मी सहा महिने धरते. दोन कोरी पानंही हवीत.

आईचं नाव एका पासपोर्टवर माहेरचं आणि मुलाच्या पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाह नोंदणी दाखला सोबत जोडा.

१०. फक्त एक पालक जाणार आहे, किंवा मुलं आजी-आजोबांबरोबर जाणार आहेत. काही अडचण?

न येणाऱ्या पालकाचं संमतिपत्र लागतं, नोटरी केलेलं, सोबत त्याच्या पासपोर्टची किंवा ओळखपत्राची प्रत. आजी-आजोबांबरोबर पाठवताना दोन्ही पालकांचं. मूळ प्रत प्रवासातही जवळ ठेवा. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश, आणि एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. आजी-आजोबांमुळं स्विस रेल्वेच्या सवलतीवरही परिणाम होतो, तो प्रश्न १२ मध्ये.

११. टूर कंपनीबरोबर जावं की स्वतः?

आजी-आजोबा बरोबर असतील, किंवा परदेशात पहिल्यांदाच जात असाल आणि मनात धाकधूक असेल, तर टूर कंपनी चांगली. मराठी जेवण, मराठी बोलणारा माणूस, सामानाची काळजी नाही. पण सहलीचा कार्यक्रम हातात घेऊन दोन गोष्टी मोजा: हॉटेलं किती वेळा बदलतात आणि सकाळी किती वाजता निघतात. रोज साडेसातला बस असेल तर चौथ्या दिवशी मूल रडणार. मुलं दोनच असतील आणि घरात एकाला तरी इंग्रजीत बोलायची सवय असेल तर स्वतः जा. वाटतं तितकं अवघड नाही.

पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विकतानाच कापून घेतलेला आयकर, घेतात. तो तुमच्याच नावावर जमा होतो आणि विवरण भरताना वजा करता येतो, म्हणून पावती जपून ठेवा.

१२. मुलांमुळं खर्च किती वाढतो? सवलती कुठं मिळतात?

सगळ्यात मोठा खर्च विमान आणि खोल्यांचा. विमानात साधारण २ ते ११ वर्षांना मुलांचं भाडं, आणि बारा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण भाडं.

खोलीचं नीट समजून घ्या. तिथं दोघांची खोली म्हणजे दोघांचीच. "एक गादी जास्त टाकून द्या" हे चालत नाही. बुकिंग करताना मुलांची खरी वयं घाला, नाहीतर दारात दुसरी खोली घ्यायला लावतात. स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट बहुतेक वेळा स्वस्तही पडतं आणि भातही शिजतो.

संग्रहालयांत मात्र मुलांची चंगळ आहे. लूव्र, ऑर्से, व्हर्साय, कलोसियम, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, सगळीकडं अठराखालच्यांना प्रवेश मोफत, मग ती कुठल्याही देशाची असोत. लूव्रनं २०२६ पासून युरोपबाहेरच्या प्रौढांचं तिकीट ३२ युरो केलंय, त्यामुळं ही सवलत आता जास्तच जाणवते. मुलांचे पासपोर्ट किंवा त्यांच्या प्रती जवळ ठेवा, वय विचारतात.

स्वित्झर्लंडमध्ये आई-वडिलांनी स्विस ट्रॅव्हल पास घेतला तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्ड फुकट मिळतं आणि त्यावर मुलं मोफत फिरतात. सोबत आई किंवा वडील हवेत. नुसत्या आजी-आजोबांबरोबर ते चालत नाही. युंगफ्राउयोख या बर्फाळ डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेचा वरचा टप्पा पासमध्ये येत नाही, सवलत मिळते. ते ठिकाण ३,४५४ मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. वर पोहोचल्यावर मुलांना पळू देऊ नका. डोकं दुखतंय म्हणालं की बसवा, पाणी द्या, आणि तरी बरं वाटलं नाही तर पुढच्या गाडीनं खाली या.

१३. युरेल पास घ्यावा का?

युरेल म्हणजे बऱ्याच देशांच्या रेल्वेवर चालणारा एकच पास. प्रश्न ४ मधल्या मार्गासाठी नको. तीन-चार लांबचे प्रवास आहेत. तिकिटं दोन-तीन महिने आधी सुटी काढली तर सहसा स्वस्त पडतात. रोज गाडी बदलणार असाल तर पास परवडतो. प्रौढाच्या पासवर ४ ते ११ वर्षांची दोन मुलं फुकट असतात, पण फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांचं आरक्षण मुलांसाठीही वेगळं काढावं लागतं.

१४. कुठली तिकिटं आधी काढावीच लागतात?

आयफेल टॉवरच्या लिफ्टची ६० दिवस आधी खुली होतात. कलोसियमची ३० दिवस आधी, नावानिशी. मुलांचं मोफत असलं तरी तिकीट हवंच. ॲमस्टरडॅमला ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल तर दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची तिकिटं सुटतात आणि लगेच संपतात. सातवी-आठवीतल्या मुलांना तिथं जरूर न्या, पण जाण्याआधी घरी तिच्याबद्दल बोला.

बंद दिवस: लूव्र मंगळवारी, ऑर्से आणि व्हर्साय सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद.

१५. मुलं फक्त घरचं खातात. काय काय नेता येतं?

भडंग, चिवडा, मेतकूट, कोरडी चटणी, खाकरा, साखरभात आणि खिचडीची तयार पाकिटं बिनधास्त न्या. भात, दही, दूध, अंडी, ब्रेड, फळं तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली चालू असतात.

जे चालत नाही ते असं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप आणि सुकं मटण घरीच. ताजी फळंही नाहीत. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे, त्यामुळं मे महिन्यात तिकडच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर बॅगेत खसखस असता कामा नये. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक घरांत खसखस भाजून घालतात. तो डबा घरी ठेवा, किंवा खसखशीशिवाय वेगळा पावशेर करून घ्या.

पाणी नळाचं पिता येतं. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, चोवीस तास वाहणारे. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं आणि सरळ तोंडात जातं. उन्हात वैतागलेल्या मुलांना हे एकदा दाखवा.

१६. सामान किती?

प्रत्येक मोठ्या माणसामागे एक मध्यम बॅग, मुलांच्या पाठीवर त्यांची सॅक. व्हेनिसला स्टेशनवरून हॉटेल "पाचच मिनिटांवर" होतं. वाटेत तीन पूल, प्रत्येकाला पायऱ्या, आणि दुसऱ्या पुलावर आमच्या अठ्ठावीस इंची बॅगेचं चाक निखळून कालव्याच्या कडेपर्यंत गडगडत गेलं. उरलेली वाट ह्यांनी ती डोक्यावरून नेली. चार दिवसांचे कपडे घ्या, बाकी तिथं धुवा.

आपली तीन पिनांची प्लग तिथं बसत नाही. अडॅप्टर घेताना स्वित्झर्लंड आणि इटलीत चालतं का ते विचारा, तिथल्या सॉकेटचा घाट वेगळा असतो.

१७. विमानतळावर मुलांचे ठसे घेतात असं ऐकलंय. खरं का?

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे. चेहऱ्याचा फोटो घेतात. बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळी दिलेलेच असतात, ते पुन्हा साठवत नाहीत, फार तर जुळवून बघतात. बाराखालच्या मुलांचा फक्त फोटो. ही तपासणी शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होते. म्हणजे फ्रँकफर्टमार्गे रोमला जात असाल तर फ्रँकफर्टला. तिथं पुढच्या विमानासाठी निदान तीन तास ठेवा.

१८. मुलगा सहलीतच बारा वर्षांचा होतोय. कुठलं वय धरायचं?

दर ठिकाणी वेगळं. विमान कंपनीला तिकीट काढण्याआधीच विचारा. परतीच्या दिवशी बारा पूर्ण असतील तर तो प्रवास बहुतेक कंपन्या प्रौढ भाड्यात धरतात. व्हिसाची फी आणि ठसे अर्जाच्या दिवशीच्या वयानुसार. तारीख मागं-पुढं करता येत असेल तर वाढदिवस परत आल्यावर येऊ द्या.

१९. चौघांपैकी एकाचाच व्हिसा नाकारला तर?

नकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं असतं. ते दूर करून पुन्हा अर्ज करता येतो, फी मात्र परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या, आणि विमानाचं तिकीट घेतलंच तर बदलता येणारं.

२०. मूल आजारी पडलं किंवा गर्दीत चुकलं तर काय करायचं?

११२ हा क्रमांक युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्येही चालतो. नेहमीची औषधं इथूनच न्या, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी आणि मूळ वेष्टनासकट. तिथं प्रतिजैविक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचं दुकान.

चुकण्याबद्दल घरातच ठरवून जा. मुलाच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि +९१ सकट आपला नंबर असावा. त्याला एवढंच पक्कं शिकवा: चुकलास तर आम्हाला शोधत फिरू नको, जिथं आहेस तिथंच थांब, आम्ही येतो. मेट्रोत तुम्ही चढलात आणि ते फलाटावरच राहिलं तर त्यानं हलायचं नाही, तुम्ही पुढच्या स्टेशनवरून परत यायचं. ज्योतिबाच्या यात्रेत आपल्या आयांनी आपल्याला हेच सांगितलं होतं.

२१. कोल्हापूर ते मुंबई विमानतळ कसं जायचं?

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, आदल्या रात्री. युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे मुंबईत अख्खा दिवस मिळतो. नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळ खोली घेऊन मुलांना दुपारी झोपवा. उजळाईवाडीहून मुंबईचं विमान त्याच दिवशी धरू नका. ते तिकीट वेगळं असतं, आणि उशीर झाला तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. परतताना जूनचा पाऊस सुरू झालेला असतो, त्यामुळं रात्रभर गाडी चालवत घाट ओलांडण्यापेक्षा रेल्वेचं परतीचं आरक्षण जातानाच करून ठेवा.